मानेतील धमनी आणि आपली सावधगिरी
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी आजाराचा विषय काढते, म्हणून आधी क्षमा मागते. पण विषय माझ्या घरातला आहे. आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या हातून एका सकाळी पळी गळून पडली. उजव्या हातात जोर येईना, बोलणेही अडखळले. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. "उपासाने झाले असेल," असे म्हणून मी त्यांना लिंबाचे सरबत देऊन निजवले. पाचव्या दिवशी त्यांना पक्षाघात झाला. ते सरबत मला आजही टोचते.

पुढे डॉक्टरांनी समजावले, ते सांगते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. वयोमानाने, आणि तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांमुळे अधिकच, त्यांच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. तो करंजीसारखा समजा : आत मऊ सारण, वर पारी. पारी जाड असेल तर सारण जागेवर राहते. पातळ झाली की फुटते, तेथे रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा मेंदूत जाऊन अडकतो.

मग कातडी न कापता ही पारी पाहावी कशी? पहिला उपाय सोनोग्राफीचा. मानेवर यंत्र टेकवून ध्वनिलहरी आत सोडतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटते. मऊ, चरबीचा थर काळसर दिसतो. चुना साचलेला थर पांढरा दिसतो. धावत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीची पट्टी बदलते. डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या या तत्त्वावरून रक्ताचा वेग, आणि त्यावरून वाट किती अरुंद झाली ते कळते. ही तपासणी सोपी आहे; पण चुन्याच्या मागे सावली पडते आणि तेथले काही दिसत नाही.

अशा वेळी एम.आर.आय. उपयोगी पडते. त्यात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी असतात. थरातील चरबी किती, पारी पातळ आहे की फाटली आहे, आत रक्तस्राव झाला आहे काय, हे त्यात ओळखता येते. आवाज मोठा होतो, अंगावरील दागिने उतरावे लागतात आणि हृदयाला यंत्र बसवले असेल तर आधी सांगावे लागते. ही तपासणी प्रत्येकीला लागतेच असे नाही. ते डॉक्टरांनी ठरवावे.

जाऊबाईंची धमनी निम्मीच अरुंद झाली होती. पण एम.आर.आय.मध्ये थराच्या पोटात रक्तस्राव आढळला. म्हणजे वाट किती उरली एवढेच पाहून भागत नाही. थर कसा आहे, तेही पाहावे लागते.

भगिनींनो, यंत्रे पुष्कळ झाली, पण रोग्याला त्यांच्यापर्यंत न्यायचे आपणच. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर ते दहा मिनिटांत बरे झाले तरी त्याच घटकेस इस्पितळ गाठा. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारे औषध बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मिश्री सोडा, रक्तदाब मोजून घ्या.

जाऊबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. पळी आता डाव्या हाताने धरतात. त्यांच्याच आज्ञेवरून मी हे बोलले.