आधी जागा, मग कप, शेवटी यंत्र



मी लष्कराच्या सेवा कोअरमधून, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमधून निवृत्त झालेला अधिकारी. आमच्या कोअरचं केंद्र बेंगळुरूत आहे. नोकरीत तीनदा इथं येणं झालं आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलो. आयुष्यभर काम एकच केलं: माणसाला लागणारी वस्तू, लागेल तेव्हा, लागेल तिथं पोचवायची. पीठ, डाळ, चहा, साखर, रॉकेल. आज कॉफी पोचवतो. माझ्याबरोबर चंदगड तालुक्यातले एक निवृत्त हवालदार आहेत. मी त्यांना अजून हवालदारच म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. हिशेबाच्या वहीत मात्र आम्ही बरोबरीचे भागीदार आहोत.

मला बेळगाव, कोल्हापूर, सातारा, अगदी बडोद्याहूनही फोन येतात आणि प्रश्न ठरलेला असतो. "सर, कॉफीची गाडी टाकायची आहे. मशीन कोणतं घेऊ?"

विचारणारा बहुतेक वेळा चाळिशीतला जवान असतो. अधिकारी साठीकडे झुकल्यावर घरी येतो, पण शिपाई आणि हवालदार त्याच्या कितीतरी आधी येतात. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं, आणि खात्यात आयुष्यात पहिल्यांदा एकदम मोठी रक्कम आलेली असते. ती रक्कम पाहून यंत्र विकणारे आणि फ्रँचायझी विकणारे दारात उभे राहतात. माझ्यासाठी ही गाडी म्हणजे सकाळचा चांगला उद्योग आहे. हवालदारांसाठी ती मुलीच्या इंजिनीअरिंगची फी आहे. म्हणून आजचं बोलणं त्यांच्या बाजूनं आहे.

यंत्राचा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न जागेचा, दुसरा कपाचा. याच क्रमानं जाऊ.

आधी या शहराबद्दल थोडं. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात पिकते. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. कॉफी बोर्डाचं मुख्यालय बेंगळुरूत आहे. बोर्डाची कॉफी हाऊस बंद होऊ लागली तेव्हा तिथल्या कामगारांनी १९५७ साली याच शहरात सहकारी संस्था काढली आणि धंदा स्वतः चालवायला घेतला. ट्रे उचलणारे लोक मालक झाले. पुढे १९८० च्या दशकात दर्शिनी आल्या: उभं राहून खायचं, उभं राहून प्यायचं, पाच मिनिटांत बाहेर. आपल्याकडे जशी कटिंग, तशी इथं 'बाय-टू'. एक कॉफी, दोघांत. इथल्या गिऱ्हाइकाला पेला गरम हवा, कडक हवा आणि लगेच हवा. ही सवय लक्षात ठेवा. यंत्राचा निकाल तीच लावणार आहे.

आता जागा. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फुटपाथ असतो. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात फिरत्या विक्रेत्याचाही समावेश होतो. शहर विक्रेता समिती सर्वेक्षण करते आणि विक्री प्रमाणपत्र मिळतं. पण ते घेताना तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात. एक, धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचं माणूस करील. दोन, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. तीन, हे प्रमाणपत्र किंवा ती जागा मी कुणाला भाड्यानंसुद्धा देणार नाही.

दुसरी अट पुन्हा वाचा. दर महिन्याला पेन्शन घेणाऱ्या माणसानं त्याखाली सही कशी करायची? मी केली नाही, हवालदारांनीही केली नाही. एका एजंटानं आम्हाला सुचवलं होतं, "दुसऱ्याच्या नावावर घ्या, सर." तिसरी अट नेमकी त्यासाठीच आहे. एका वॉर्डात किती विक्रेते सामावून घ्यायचे यालाही कायद्यात मर्यादा आहे, लोकसंख्येच्या अडीच टक्के. आपण जागा अडवली तर ती कुणातरी इडलीवालीची किंवा फुलवालीची जागा असते.

तुमच्या गावात कुणी खरोखरच याच धंद्यावर जगत असेल, तर त्याला हा कायदा जरूर सांगा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि हलवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. पीएम स्वनिधी योजनेत तारण न ठेवता कर्ज मिळतं. २०२५ च्या बदलानंतर पहिला हप्ता १५ हजार, तो फेडला की २५ हजार, मग ५० हजार. गरजू माणसापर्यंत ही माहिती पोचत नाही, ती तुम्ही पोचवा.

मग पेन्शनरनं जायचं कुठं? खाजगी आवारात. अपार्टमेंटचं अंगण, कारखान्याचं फाटक आतल्या बाजूनं, छोटं रुग्णालय, मंगल कार्यालय, शनिवारच्या शाळेचं मैदान. तिथं परवानगी देणारा माणूस एक असतो आणि कागद करता येतो. कागदावर चारच गोष्टी लिहा: वार आणि वेळ, जागेचं भाडं, पाणी-वीज कुणाची, कचरा कोण उचलणार. आमच्या तीन जागा आहेत. सकाळी सहा ते आठ एक मोठी सोसायटी, साडेदहा ते साडेअकरा एक ऑफिस, दुपारी साडेतीन ते साडेचार पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना. एका सोसायटीनं सगळं ठरवून आयत्या वेळी नकार दिला. कागद झालेला नव्हता, तोवर आम्ही खर्चही केलेला नव्हता. निघून आलो.

जागा ठरवण्याआधी तीन दिवस तिथं जाऊन बसा. किती लोक जातात हे मोजू नका, किती थांबतात ते मोजा. फौजेत याला रेकी म्हणतात. ऑफिसच्या सुटीत दीडशे माणसं बाहेर येतात, पण वीस-पंचवीस मिनिटंच. धंदा तेवढ्या मिनिटांचा आहे.

आता कप. रसदीचा हिशेब नेहमी खाणाऱ्याच्या ताटापासून मागं करायचा, गोदामापासून पुढं नाही. आमचा पेला ११० मिलिलिटरचा. त्यात २५ मिलिलिटर डिकॉक्शन आणि ८५ दूध. १०० ग्रॅम पावडरवर ६०० मिलिलिटर पाणी ओतलं की साधारण ४०० मिलिलिटर डिकॉक्शन उतरतं, बाकीचं पाणी पावडर पिऊन टाकते. म्हणजे शंभर पेल्यांना अडीच लिटर डिकॉक्शन, त्यासाठी ६०० ते ७०० ग्रॅम पावडर, साडेआठ लिटर दूध, किलोभर साखर. स्टीलचे पेले धुवायचे असतील तर तीस लिटर पाणी वेगळं, कागदी कप असतील तर हात आणि भांडी धुण्यापुरतं दहा लिटर.

आता पैसे. आमच्या खरेदीचे आकडे गोल करून सांगतो. दूध ४३० रुपये, पावडर ५६०, साखर ४५, कप ६५, गॅस-पाणी ८०. एकूण ११८०. पेला २० रुपयांना विकला तर दोन हजार येतात. उरले ८२०. यातून जागेचं भाडं जायचं, गाडीची डागडुजी जायची, आणि मग दोन माणसांची मजुरी. म्हणजे दिवसाला शंभर पेले हा दोघांचा धंदा होत नाही. आम्ही दोनशेच्या वर गेलो तेव्हा हवालदारांनी महिन्याचा पगार असा शब्द पहिल्यांदा वापरला. तुमच्या गावचे भाव घालून हा हिशेब स्वतः मांडा. यंत्र विकणारा तो तुम्हाला मांडून देणार नाही.

आता यंत्र. एस्प्रेसो मशीन दिसायला देखणं असतं, गर्दी खेचतं, हे खरं. पण एका तोंडाच्या मशीनवर दुधाची कॉफी करायला दोन-तीन मिनिटं लागतात. तासाला वीस-पंचवीस कप. ऑफिसच्या सुटीत दहा जणांना कॉफी मिळेल, बाकीचे घड्याळ बघत आत जातील. डिकॉक्शन आधीच तयार असतं, म्हणून हवालदार अर्ध्या मिनिटात पेला हातात देतात. शिवाय वीज. अशी मशीन अडीच-तीन किलोवॉट ओढतात. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे ४.८ युनिट. हीटर अखंड चालला तर दीड-दोन तासांत संपली. तो मध्येमध्ये बंद होतो म्हणून थोडी जास्त चालेल. पण ती बॅटरी, इन्व्हर्टर आणि मशीन, सगळं वजन चाकांवर येतं आणि सगळा खर्च तुमच्या ग्रॅच्युइटीवर.

तेच काम गॅस किती सहज करतो पाहा. दहा लिटर दूध फ्रिजच्या थंडाव्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.९ युनिट उष्णता लागते. शेगडीवर निम्मी वाया गेली तरी दीडशे ग्रॅम गॅस पुरतो. पाणी आणि पुन्हा तापवणं धरून ४०० ग्रॅम म्हणा. पाच किलोचा सिलिंडर दहा-बारा दिवस जातो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर मात्र धंद्याला वापरायचा नाही. तो गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विमाही हात वर करील.

एस्प्रेसोला माझा विरोध नाही. लग्नात किंवा प्रदर्शनात, जिथं वीज मिळते, गिऱ्हाईक निवांत असतं आणि कपाला शंभर रुपये देतं, तिथं ते शोभतं. आधी तसं गिऱ्हाईक दाखवा, मग मशीन घ्या.

आमचं सामान असं: स्टीलचे दोन मोठे फिल्टर, म्हणजे एक उतरत असताना दुसरा कामात. डिकॉक्शन ठेवायला पाच लिटरचा थर्मास. दूध ठेवायला गरम पाण्यात बसणारं भांडं, म्हणजे तळाला लागत नाही. झाकणाचा आइसबॉक्स, दोन तोंडांची शेगडी, तळाशी नळ असलेली पाण्याची टाकी, वापरलेल्या पाण्याची वेगळी टाकी, आणि हाताला येईल असा अग्निशामक. थर्मामीटर विसरू नका. थंड दूध पाच अंशांखाली, गरम साठ अंशांवर. मधल्या पट्ट्यात दूध नासतं. डिकॉक्शन कधीही विस्तवावर ठेवू नका. उकळलं की कडू झालं.

पावडर चार दिवसांपुरतीच दळून आणा. चिकोरी किती घालायची हा चवीचा भाग. तिनं रंग येतो, दाटपणा येतो आणि खर्च उतरतो. मिश्रणात निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे, असा नियम आहे. आम्ही ८०-२० वापरतो आणि गाडीवर तसं लिहितो. कॉफी बोर्ड बेंगळुरूत 'कापी शास्त्र' नावाचं प्रशिक्षण घेतं. भाजणी आणि चव शिकायची असेल तर तिकडे चौकशी करा.

गाडी कशी हवी? हातगाडी असेल तर भरल्यावर एका माणसाला चढावर ढकलता आली पाहिजे. सुतार-लोहाराकडे जाण्याआधी सगळं सामान, भरलेल्या पाण्यासकट, वजनकाट्यावर ठेवा. ओट्याची उंची तुमच्या कमरेइतकी ठेवा, कारण दिवसात दोनशे वेळा वाकायचं नाही. जड वस्तू खाली, दोन चाकांना ब्रेक. रिक्षा किंवा टेम्पोत बदल करून गाडी बनवणार असाल तर आरटीओची मंजुरी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठी आहे. अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लहान विक्रेत्यालाही हवी. ती ऑनलाइन होते, फी नाममात्र असते. तिचा क्रमांक गाडीवर लावा.

फ्रँचायझी घेणारच असाल तर तीन गोष्टी विचारा. पावडर तुमच्याकडूनच घ्यायची का आणि कोणत्या भावानं? धंदा बंद केला तर गाडी परत घेणार का आणि कितीला? दोन वर्षं जुन्या तीन गाडीवाल्यांना मी एकटा जाऊन भेटू का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठून या.

भाषेचंही सांगतो. 'सक्करे कम्मी', म्हणजे साखर कमी, एवढं कन्नड पहिल्या दिवशी यायला हवं. बाकीचं गिऱ्हाईक शिकवतं. हवालदार आता कारखान्यातल्या मुलांशी कन्नडमध्ये क्रिकेटवर वाद घालतात.

म्हणून मला फोन करण्याआधी एवढं करा. एक घडीचं टेबल, घरचा फिल्टर, उसना थर्मास आणि पाच किलोचा सिलिंडर घ्या. एका आवाराची परवानगी काढा आणि तीस दिवस ठरल्या वेळी उभे राहा. पाऊस असला तरी, रविवार असला तरी. रोजचे पेले आणि रोजचा खर्च वहीत लिहा. महिन्यानं ती वही घरच्यांपुढे उघडा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा. तोपर्यंत बँकेतली रक्कम बँकेतच राहू द्या.

जय हिंद.