मराठीत विचारलेले मराठीत सापडावे



माहितीशोधनावरील या परिषदेसाठी स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत करतो.

हा विषय पुण्याला नवा नाही. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले. शब्द, त्याचे वाक्य आणि ग्रंथातले स्थळ अशा हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या एक कोटीच्या घरात गेल्या. शोधयंत्राची अनुक्रमणिका आज हेच काम करते.

मराठीची गाठ मात्र यंत्राला अजून नीट सुटलेली नाही. शेतकरी ‘विहीर’ टाइप करतो. उपयोगी मजकुरात असते ‘विहिरीचे पुनर्भरण’. ‘चे’ हा प्रत्यय कापला तरी ‘विहिरी’ उरते, आणि मधली वेलांटी बदललेलीच असते. सरसकट कापाकापी करावी, तर ‘कला’तला ‘ला’ही उडतो! त्यात युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधल्या फायली पडद्यावर मराठी दिसतात, पण यंत्राला त्यात रोमन अक्षरेच सापडतात.

कोणती पद्धत सरस, हे ठरवायला सामाईक कसोटी लागते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने 2008 मध्ये अशा कसोटीसाठी ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा बंगाली, हिंदीबरोबर मराठीही पहिल्याच वर्षी होती. ‘सकाळ’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’मधील सुमारे एक लाख बातम्या, ठरावीक प्रश्न, आणि कोणती बातमी कोणत्या प्रश्नाला लागू पडते याचे माणसांनी दिलेले निवाडे, असा त्यातला मराठी संच. हे निवाडे देणाऱ्यांचे ऋण मोठे आहे; त्यांची नावे शोधनिबंधांच्या माथ्यावर क्वचितच दिसतात.

पण बातम्यांत सगळी मराठी मावत नाही. पीकसल्ला, शासननिर्णय, जुनी नियतकालिके यांची भाषा निराळी. म्हणून ग्रंथालयांना आणि प्रकाशकांना माझी विनंती आहे, आपला मजकूर संशोधनासाठी खुला करा. संशोधकांनी निबंधाबरोबर आपले संचही सर्वांच्या हाती द्यावेत. आणि विद्यार्थी मित्रहो, निवाडे देण्याचे काम दुय्यम मानू नका; मराठी नीट वाचणारा माणूसच ते करू शकतो.

आपले पुन्हा एकदा स्वागत करतो आणि परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी अध्यक्षांना विनंती करतो.