‘नो डिस्क’ म्हणजे प्लेअर संपला असं नव्हे

जुना सीडी प्लेअर ‘नो डिस्क’ दाखवू लागला की ‘लेझर गेला’ असा निकाल लगेच दिला जातो. हा निकाल घाईचा आहे. सीडीवरच्या शेजारशेजारच्या दोन रेघांत जेमतेम १.६ मायक्रॉन अंतर असतं. एवढ्या बारीक वाचनाला भिंगावरची धूळही आड येते. म्हणून आधी दुसरी, स्वच्छ सीडी लावून पाहा. मग प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने भिंग अलगद पुसा. सुरुवातीची गाणी नीट वाजून शेवटची अडखळत असतील, तर भिंग सरकवणाऱ्या दांड्यावरचं ग्रीस सुकलेलं असू शकतं. लेझर म्हातारा होतोच, हे खरं. पण तो संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आणि झाकण उघडं असताना चालू प्लेअरच्या भिंगात डोकावू नका: ७८० नॅनोमीटरचा तो अवरक्त किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.