औषध माशाला नव्हे, पाण्याला

काचेची टाकी आणि तिच्यातले रंगीत मासे ही आता फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा राहिलेली नाही. दवाखान्यात बाकासमोर, सलूनमध्ये, चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर, कुठेही ती दिसते. चेन्नईच्या कोळत्तूरमधून, कोलकात्याहून मासे येतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत बसून आपल्या घरी पोहोचतात. घरातलं लहान मूल त्यांना नावं ठेवतं. नाव ठेवलं की मासा घरातला होतो.

हा घरातला जीव आजारी पडला की मात्र पंचाईत होते. कुत्रं कण्हतं, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. मासा ओरडत नाही. तो खाणं सोडतो, पंख अंगाशी मिटून घेतो, तळाशी बसतो किंवा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करतो. आपलं लक्ष जाईपर्यंत उशीर झालेला असतो. मग धावपळ, दुकान आणि हाती येईल ती बाटली.

मी डॉक्टर नाही, माणसांचाही नाही आणि जनावरांचाही नाही. मी कविता लिहिणारा माणूस. पण वीसेक वर्षं घरात टाकी आहे आणि या विषयातलं थोडंफार वाचलं, जाणकारांना विचारलं, त्यातून एक गोष्ट पक्की समजली. माणसाला गोळी दिली तर ती माणसाच्या पोटात जाते. माशाचं औषध बहुतेक वेळा आपण टाकीत ओततो. म्हणजे ते माशाला नव्हे, पाण्याला दिलेलं असतं. त्याच पाण्यात मासा श्वास घेतो, तेच कल्ल्यांवरून वाहतं, त्यातच वनस्पती असतात, गोगलगाई असतात आणि डोळ्यांना न दिसणारे उपयोगी जिवाणूही असतात. औषध या सगळ्यांना मिळतं, आजारी माशालाही आणि धडधाकट माशालाही.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणतं औषध?’ हा नाही. पहिला प्रश्न आहे, ‘पाणी कसं आहे?’

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं की आणखी वाढतो. फिल्टरमध्ये आणि तळाच्या वाळूत वाढणारे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? सकाळी टाकी आणतो, संध्याकाळी दहा मासे सोडतो. आठवड्याभरात मासे धापा टाकू लागतात, कल्ले लाल होतात आणि आपण म्हणतो, रोग आला. तो रोग नसतो, ती विषबाधा असते. तिच्यावर बाटलीतलं औषध नाही. चौथाई ते निम्मं पाणी बदलणं, खाणं कमी करणं, हवेचा पंप चालू ठेवणं, हेच औषध.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पावसाळ्यात ते अनेकदा जास्त सोडलं जातं. सरळ नळाखालून टाकी भरली तर कल्ले भाजून निघतात. पाणी बादलीत चोवीस तास उघडं ठेवा, किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन मारणारं द्रावण आधी घाला. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासायचे छोटे संच मिळतात. घरात थर्मामीटर असतो, तसा हा संच टाकीशेजारी असावा.

पाणी ठीक निघालं, तरी मासा आजारी आहे, असं ठरलं तर पुढची पायरी म्हणजे आजार ओळखणं. इथे डोळे फसतात.

अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मासा दगडावर अंग घासू लागला, तर बहुधा तो ‘व्हाइट स्पॉट’. हा एका सूक्ष्म परजीवीचा रोग आहे. पण गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या पंखांवर असेच पांढरे दाणे येतात. तो वयात आल्याची खूण, आजार नव्हे. त्याला औषध पाजणं म्हणजे मिसरूड फुटलेल्या मुलाला दवाखान्यात नेणं.

दुसरं उदाहरण कापसाचं. अंगावर कापसासारखा पुंजका दिसला की सगळे म्हणतात, बुरशी. जखमेवर बुरशी येते हे खरं. पण तोंडाभोवती पांढरट थर धरणारा कॉलम्नॅरिस नावाचा एक रोग जिवाणूंमुळे होतो. व्हाइट स्पॉटसाठी पाण्याचं तापमान वाढवतात, त्याने फायदा होतो. कॉलम्नॅरिसमध्ये तेच केलं तर रोग भडकतो. दोन्ही पांढरे, उपाय मात्र उलटे. म्हणून टॉर्च घ्या, काच पुसा, दहा मिनिटं शांत बसून मासा बघा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विचारायला उपयोगी पडतो.

व्हाइट स्पॉटचंच बोलायचं तर त्याचं चक्र समजून घेतलं पाहिजे. ठिपक्याच्या आत परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित असतो, तिथे औषध पोहोचत नाही. तो पिकला की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लं तयार होतात. ती पिल्लं बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात, तेवढ्याच काळात औषध त्यांना मारू शकतं. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याभराच्या आत पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. म्हणून ठिपके गेले की लोक औषध थांबवतात आणि दहा दिवसांत रोग दुप्पट होऊन परततो. लेबलवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस औषध चालवायचं, मासा बरा दिसला तरी.

आता मात्रा. आमच्या कवितेतही मात्रा असते. तिथे एखादी जास्त झाली तर ओळ फक्त अडखळते. इथे जीव जातो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घ्या. सेंटिमीटरमध्ये साधारण ६० गुणिले ३० गुणिले ३०, भागिले १०००, म्हणजे ५४ लिटर. दुकानदारही तेच सांगेल. पण टाकी काठोकाठ भरलेली नसते. पाणी २५ सेंटिमीटर उंचीचं असेल तर झाले ४५ लिटर. वाळू, दगड वजा केले की उरलं चाळीसच्या आसपास. चोपन्नच्या हिशेबाने औषध घातलं तर ते एक तृतीयांशाहूनही जास्त झालं. तेव्हा पट्टीने पाणी मोजा, औषध सुई नसलेल्या सिरिंजने मोजा आणि ते मगभर पाण्यात मिसळून मग टाकीत सोडा. फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. हवेचा पंप जोरात ठेवा, कारण काही औषधांनी, विशेषतः फॉर्मलिनने, पाण्यातला प्राणवायू कमी होतो.

आमच्या मोहल्ल्यातला एक शाळकरी मुलगा परवा दुकानातून आला. म्हणाला, “चाचा, त्याने निळं औषध दिलंय. म्हणाला, पाणी निळं होईपर्यंत टाक.” मी म्हटलं, “बेटा, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच बरं.” त्याने बाटली फिरवली. लेबलच नव्हतं.

लेबल नसलेलं औषध घेऊ नये, एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ मासे वाचतील. हे निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. १८७६ साली रंग म्हणून तयार झालं आणि १८९१ साली हिवतापाच्या रोग्यांवर वापरून पाहिलं गेलं. माशांच्या अंड्यांवरच्या बुरशीला ते उपयोगी आहे. पण मुख्य टाकीत घातलं तर आपण आठवडे खर्चून जमवलेले जिवाणू मरतात, वनस्पती खराब होतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. हिरवं औषध म्हणजे मॅलेकाइट ग्रीन. मूळचा हा रेशीम आणि चामडं रंगवायचा रंग. व्हाइट स्पॉटवर गुणकारी, पण माणसाला अपायकारक. खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर अनेक देशांत बंद आहे. हातमोजे घालूनच बाटली उघडा. खवले नसलेल्या माशांना, म्हणजे लोच आणि मांजरमाशांसारख्यांना, तो लवकर बाधतो. तांब्याचं औषध असेल तर गोगलगाई आणि कोळंब्या आधी बाहेर काढा, तांबं त्यांना मारतं.

मिठाचंही तसंच. लिटरमागे एक ग्रॅम मीठ नायट्राइटच्या बाधेत खरोखर मदत करतं. पण पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. आटलेलं पाणी भरताना दर वेळी पुन्हा मीठ घालणारे लोक महिन्याभरात टाकीची खाडी करतात.

दोन औषधं स्वतःच्या मनाने एकत्र करू नका. फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेट एकत्र आले तर घातक वायू निघतो, तो टाकीबाहेरच्यांनाही सोडत नाही. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एक साधी प्लास्टिकची टाकी वेगळी ठेवणं. तळाला वाळू नको, एक छोटा फिल्टर, लपायला एखादं मडक्याचं खापर. आजार एकाच माशापुरता असेल तर औषध तिथे द्या. व्हाइट स्पॉट असेल तर मात्र मुख्य टाकीचाही विचार करावा लागतो, कारण पिल्लं तळाशी असतात. नवा मासा आणला की तोही आधी दोन ते चार आठवडे या वेगळ्या टाकीतच राहू द्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते फक्त माशांचं नाही. घरात उरलेली प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायोटिकची, कॅप्सूल फोडून टाकीत टाकायची पद्धत सर्रास आहे. बहुतेक वेळा आजार परजीवीचा किंवा पाण्याचा असतो, तिथे तिचा काही उपयोग नाही. टेट्रासायक्लिन तर पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटतं. दुधाबरोबर ते घेऊ नका असं डॉक्टर सांगतात, त्याचं कारणही हेच. बोअरच्या जड पाण्यात त्याची ताकद निघून जाते. मरतात ते उपयोगी जिवाणू, आणि वाचतात ते औषधाला सरावलेले. ते पाणी आपण मोरीत ओततो. उद्या आपल्याच नातवंडाला ताप आला आणि तेच औषध लागू पडलं नाही, तर दोष कुणाला द्यायचा? ज्या पाकिटांवर लाल रेषा असते, ती औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, हे सरकारने २०१६ पासून मोहीम काढून सांगितलं आहे. ती रेषा टाकीसाठीही आहे.

विचारायचं कुणाला? जवळच्या पशुवैद्याला विचारा, त्यांना जमणार नसेल तर ते पुढे पाठवतील. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथे मत्स्य महाविद्यालयं आहेत. जाताना पाण्याची तपासणी आणि फोटो बरोबर न्या.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. टाकीतल्या एका जिवाणूमुळे माणसाच्या कातडीवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येतात. औषधाचं पाणी विहिरीत, ओढ्यात, तळ्यात टाकू नका. फिल्टरमध्ये नवा कोळसा घालून आधी औषध शोषून घ्या.

आणि कधी कधी उपाय नसतो. खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले, पोट फुगलं, तर मासा क्वचितच वाचतो. अशा वेळी एकामागून एक बाटल्या ओतणं ही दया नव्हे. मुलाला खरं सांगावं. आपण पाणी तपासलं, आजार ओळखला, मोजून औषध दिलं, एवढं त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं म्हणजे त्याला ते समजतं. पुढच्या टाकीची काळजी मग तो स्वतःच घेईल.