कंपाची लिपी



कुंभकोणम्‌जवळच्या तिरुभुवनम् गावी तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने उभारलेले कंपहरेश्वराचे मंदिर आहे. कंप हरण करणारा तो कंपहरेश्वर. एका राजाचा कंप येथे दूर झाला, अशी स्थलकथा सांगतात. हातापायांचा कंप डोळ्यांना दिसतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा, म्हणजे अलिंदांचा कंप मात्र दिसत नाही. पुष्कळदा तो रोग्यालाही जाणवत नाही.

तो ओळखण्याचे साधन म्हणजे हृदयाचा विद्युत् आलेख, अर्थात ईसीजी. हॉलंडमधील विलेम आइन्थोव्हेन यांना या कार्यासाठी १९२४ साली नोबेल पारितोषिक लाभले. आलेखातील पी, क्यू, आर, एस, टी ही नावेही त्यांनीच रूढ केली. पी ही लहान लाट अलिंदांची, क्यूआरएस हे उंच टोक खालच्या कप्प्यांचे, टी ही त्यांच्या विसाव्याची. निरोगी आलेखात ही अक्षरे नेमक्या क्रमाने, जवळजवळ समान अंतराने उमटतात. अलिंद थरथरू लागले, की पी लाट नाहीशी होते आणि टोकांमधील अंतरे अनियमित होतात. थरथरत्या अलिंदात रक्त साकळून गुठळी मेंदूकडे गेली, तर पक्षाघात होतो. हा धोका अशा रोग्यांत सुमारे पाचपट असतो. वेळीच निदान झाल्यास औषधाने तो बराच कमी करता येतो.

एसटी हा भाग उंचावलेला दिसला, तर हृदयाची रक्तवाहिनी बंद झाल्याची शंका घ्यावी लागते. तेव्हा प्रत्येक मिनिट मोलाचे. मात्र छातीत दुखत असताना पहिला आलेख निर्दोष आला, म्हणून निर्धास्त होऊ नये. तो पुन्हा काढावा लागतो. आलेखाचा अर्थ रोग्याच्या तक्रारीसह आणि जुन्या आलेखाशी ताडूनच लागतो.

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसह करून ठेवल्या होत्या. नोंद जपण्याचा तो वारसा घरोघरी चालवता येईल. ईसीजीचा कागद कालांतराने फिका पडतो. म्हणून त्याची छायाप्रत काढून ठेवावी. आजीआजोबांची नाडी मुलांनी अधूनमधून मिनिटभर मोजावी. ठोके वेडेवाकडे लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. न दिसणारा कंप एवढ्या साध्या सवयीनेही वेळीच हाती लागू शकतो.