पडद्यावरचा मेलेला सैनिक

अमेरिका डिसेंबर १९४१ मध्ये दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि जून १९४२ मध्ये तिथे 'ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन' हे खातं उघडलं. या खात्याने हॉलिवूडच्या स्टुडिओंना एक पुस्तिका धाडली. तिच्यातला मुख्य प्रश्न एकच: या चित्रपटाने युद्ध जिंकायला हातभार लागेल का?

या खात्याच्या हातात कात्री नव्हती. ते पटकथा वाचायचं आणि सुचवायचं. स्टुडिओवाले बहुतेकदा ऐकायचे, कारण चित्रपट परदेशी धाडायला सरकारी परवाना लागे आणि तिकडच्या गल्ल्यावर पाणी सोडायला कोण तयार होणार? एमजीएम स्टुडिओला किपलिंगच्या 'किम' या कादंबरीवर चित्रपट काढायचा होता. पण इकडे भारतात 'चले जाव' आंदोलन पेटलेलं असताना ब्रिटिश साम्राज्याचे गोडवे नकोत, असं खात्याचं मत पडलं. 'किम' आला तो १९५० साली.

'बटान' या १९४३ च्या चित्रपटात एकाच तुकडीत ज्यू, फिलिपिनो, मेक्सिकन वंशाचा आणि एक कृष्णवर्णीय सैनिक खांद्याला खांदा लावून लढतात. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या असत. ही प्रथा मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला १९४८ साली. हा खोटेपणा मला फारसा खुपत नाही. खुपतो तो त्याच वर्षीचा 'एअर फोर्स'. हवाईतल्या जपानी वंशाच्या रहिवाशांना त्यात घातपाती ठरवलंय. असा घातपात तिथे झालाच नव्हता. आणि मुख्य भूमीवर याच वंशाची लाखावर माणसं तेव्हा छावण्यांत डांबलेली होती!

आता मरणाकडे येऊ. १९४३ च्या सप्टेंबरपर्यंत मेलेल्या अमेरिकी सैनिकाचं छायाचित्रसुद्धा छापू देत नसत. मग लोक विजय गृहीत धरून सैल पडतील अशी धास्ती वाटू लागली, आणि तीच प्रेतं सरकारच्या कामाची झाली. प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावरच्या लढाईचा माहितीपट १९४४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीने दाखवला गेला. पाण्यात तरंगणारे मरीन सैनिक लोकांनी थिएटरात बसून पाहिले.

दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचा इटलीतला 'सॅन पिएत्रो' तर याहून गुंतागुंतीचा. त्यातल्या चकमकी बऱ्याचशा लढाई संपल्यावर सैनिकांकडूनच पुन्हा करवून घेतलेल्या. पिशव्यांत भरली जाणारी प्रेतं मात्र खरी. सैनिक जिवंत असताना टिपलेले त्यांचे शब्द त्यांच्याच मृत चेहऱ्यांवर ऐकवायचे, असं ह्यूस्टनने योजलं होतं. ते कापलं गेलं. हा चित्रपट युद्धविरोधी आहे, अशी अधिकाऱ्यांनी कुरकुर केली. युद्धाच्या बाजूचा चित्रपट मी काढलाच तर मला गोळी घाला, असं ह्यूस्टनने सुनावलं, असं तोच सांगे. अखेर सैन्याचे प्रमुख जनरल मार्शल यांनी, नव्या सैनिकांनी हे पाहायलाच हवं, असं म्हणून वाट मोकळी केली.

ह्यूस्टनच्या पुढच्या चित्रपटात प्रेतं नव्हती. होते ते रणांगणावरून मन मोडून परतलेले, रडणारे, अडखळत बोलणारे सैनिक. १९४६ साली तयार झालेला तो 'लेट देअर बी लाइट' सैन्याने १९८० पर्यंत दाबून ठेवला. कारण दिलं ते सैनिकांच्या खासगीपणाचं; ह्यूस्टनला ते कधीच पटलं नाही.