एका विंचवाचा पाठपुरावा



संशोधकाच्या निबंधांची यादी ही काही कोणी हौसेनं वाचत नाही. लेखकाचं नाव, नियतकालिक, वर्ष, खंड, पान. नोकरीच्या अर्जाला ती जोडायची, बढतीच्या मुलाखतीत समोरच्यानं ओळी मोजायच्या आणि फाइल मिटायची. आज मात्र अशाच एका यादीतल्या चार ओळींवर मला बोलायचं आहे. यादी डॉ. हिंमतराव बावस्कर यांची. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्म, वैद्यकीय शिक्षण नागपूरला आणि सगळी हयात रायगड जिल्ह्यातल्या महाडला दवाखाना चालवण्यात गेलेली. विषय हृदयविकाराचा. पण हा हृदयविकार तंबाखूनं किंवा तुपानं होणारा नव्हे. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर-कर्जतच्या माळावर दगड उलथला की खाली जो दिसतो, त्या विंचवानं होणारा.

विंचू म्हटलं की आपल्याकडे भीती वाटते ती मोठ्या काळ्या विंचवाची, इंगळीची. तो दिसतोच तसा. प्रत्यक्षात त्याच्या डंखानं माणूस दगावणं फार विरळा. खरा घातक तो छोटा, लालसर-तपकिरी, फिकट पायांचा. गोवऱ्यांच्या ढिगात, जळणात, दगडी बांधाच्या फटीत, कडब्याच्या गंजीखाली तो बसतो आणि रात्री बाहेर पडतो. दारात काढून ठेवलेल्या चपलेतही शिरतो.

१९७६ साली तरुण डॉ. बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशावर पाठ्यपुस्तकांत फारसं काही नव्हतं. रोगी मात्र येत होते. धडधाकट माणूस किंवा सात-आठ वर्षांचं पोर संध्याकाळी डंख झाला म्हणून यायचं आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून, तोंडाला गुलाबी फेस येऊन जायचं. गंभीर दंश झालेल्या शंभरांतले तीसएक दगावत, असं त्या काळच्या नोंदी सांगतात. उपचार म्हणून ॲलर्जीवरची औषधं, स्टेरॉइड, ॲट्रोपिन, जे हाताशी असेल ते दिलं जाई. या तरुण डॉक्टरांनी एकच केलं. रोग्याच्या उशाशी बसून राहिले आणि तासातासाला काय घडतं ते लिहीत गेले.

त्या वहीतून यादीतली पहिली ओळ आली. १९८२, लॅन्सेट. लंडनचं हे साप्ताहिक म्हणजे वैद्यकातल्या सर्वांत जुन्या आणि कडक परीक्षकांपैकी एक. त्यात कोकणातल्या एका तालुक्याच्या डॉक्टरचा निबंध छापून आला. त्याचा विषय होता हृदय बिघडण्याआधी शरीर कोणत्या खुणा देतं हा. उलटी. दरदरून घाम. हातपाय बर्फासारखे गार. पुरुषांत आणि लहान मुलग्यांत इंद्रिय ताठ होणं. रेडिओवर हे उच्चारायला थोडा संकोच होतो, पण आईनं किंवा आजीनं ही खूण ओळखली तर पोर वाचतं, म्हणून उच्चारलं.

यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. ज्याच्या डंखाच्या जागी असह्य आग होते, जो ठोठो ओरडत असतो, त्याच्या जिवाला बऱ्याचदा धोका नसतो. ज्याला ठणका कमी आणि घाम जास्त, त्याच्याकडे आधी धावायचं. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकाचं दुकान आजवर का चाललं, हेही यातून कळतं. बहुतेक डंखांचा ठणका काही तासांनी आपोआप ओसरतो आणि श्रेय मंत्राला जातं. उरलेल्या थोड्यांचा ठणका कमी असतो, म्हणून मंत्र लागू पडला असं वाटतं. तेवढ्यात आत हृदय थकत चाललेलं असतं.

आत नेमकं काय होतं? इथे गाडी हृदयविज्ञानाकडून रेणूंच्या विज्ञानाकडे वळते. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमचे कण आत सोडणाऱ्या अतिसूक्ष्म वाटा असतात. त्या क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. विंचवाच्या विषातलं छोटं प्रथिन दारात पाचर ठोकावी तसं तिथे बसतं आणि वाट मिटूच देत नाही. मग मज्जातंतू थांबेचनात, ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन यांचा शरीरात लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो आणि त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा दमतो. फुप्फुसातलं पाणी हे त्या दमण्याचं फळ.

याच विंचवाच्या विषातून १९९० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी आयबेरिओटॉक्सिन नावाचा रेणू वेगळा केला. अवघ्या ३७ अमिनो आम्लांची साखळी, पण पेशींतली पोटॅशियमची एक विशिष्ट वाट ती अशी अचूक अडवते की जगभरच्या प्रयोगशाळांत ती वाट ओळखायला आजही हाच रेणू वापरतात. २००१ साली पिकांवरच्या अळीवर्गीय किडींनाच तेवढा लागू पडणारा एक रेणूही याच विषात सापडल्याचं प्रसिद्ध झालं. कापूस आणि तूर करणाऱ्या माझ्या श्रोत्यांनी हे ऐकून ठेवावं, एवढंच. बाजारात औषध आलंय असं कोणी सांगायला लागलं तर खिसा सांभाळावा.

आता दुसरी ओळ. १९८६, पुन्हा लॅन्सेट, पान ५१० आणि ५११. जेमतेम दोन पानं, आणि माझ्या मते सबंध यादीचा प्राण. रक्तवाहिन्या आवळल्या गेल्यानं हृदय दमत असेल तर त्या सैल करायला हव्यात, हा तर्क सरळ होता. आधी त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाईनमधून दिलं गेलं. गुण येत होता, पण थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागायची. त्याला अतिदक्षता विभाग हवा, आणि तो तालुक्याच्या गावी कुठला? मग बावस्करांनी प्राझोसिन निवडलं. रक्तदाबावरची साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. नॉरॲड्रेनॅलिन रक्तवाहिनीच्या ज्या ग्राहकांना चिकटून तिला आवळतं, ते अल्फा ग्राहकच ही गोळी अडवते. पुढच्या वर्षांत गंभीर दंशातल्या मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. तीसवरून एकवर, तेही एका गोळीवर. यंत्र नाही, शस्त्रक्रिया नाही.

तिसरी ओळ १९९२ सालची, ब्रिटिश हार्ट जर्नलमधली. हृदयावरचे परिणाम आणि त्यांचे उपचार यांची सविस्तर मांडणी तिथे आहे आणि सहलेखिका आहेत त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. याच नियतकालिकात १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे दाखवणारा निबंध लिहिला होता. सर्पगंधेकडे पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष वळवणारा तोच निबंध. महाराष्ट्रातल्या दवाखान्यांतून निघून जगभर वाचले गेलेले निबंध आपण मोजायला बसलो, तर हे दोन्ही त्यात घ्यावे लागतील.

चौथी ओळ मला सर्वांत जास्त आवडते. २०११, ब्रिटिश मेडिकल जर्नल. प्राझोसिनमुळे नाव झालेला माणूस पंचवीस वर्षांनी आपल्याच औषधाची परीक्षा घ्यायला बसतो. ७० रोगी. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि जोडीला विंचूविषावरची प्रतिविषाची लस. कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं यदृच्छेनं ठरलेलं. दहा तासांनी लस मिळालेल्यांतले ३२ जण पूर्ण बरे, नुसत्या गोळीवरचे ८. बरं व्हायला सरासरी वेळ एका गटात ८ तास, दुसऱ्यात १७.७. म्हणजे आपली गोळी एकटी पुरेशी वेगवान नाही, तिला जोड हवी, हे त्यांनी स्वतःच, स्वतःच्या दवाखान्यात मोजून जगाला सांगितलं. असं करायला छाती लागते. बढतीसाठी निबंधांची संख्या भरायच्या आजच्या धांदलीत तर फारच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला विचाराल तर ती उशिराच मिळाली.

हे सगळं महाडचं झालं. आपल्या जिल्ह्याचं काय? जामखेडला १९७० सालापासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन उभं केलं आणि त्या कामावरचं त्यांचं लेखन १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात छापलं गेलं. लॅन्सेटच्या पानावरचं ज्ञान वस्तीवर पोचायचं तर मधला माणूस कोण, याचं उत्तर नगर जिल्ह्यानं तेव्हाच दिलेलं आहे. आज ते काम आशाताई करतात. घामाची आणि गार हातांची खूण त्यांना आणि ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असली पाहिजे.

तेव्हा विंचू चावला तर जागा कापू नका, दोरीनं करकचून आवळू नका, आणि उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. रोग्याला आडवं ठेवून थेट दवाखाना गाठा. प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. पहिल्या मात्रेनंतर उभं राहिल्यास रक्तदाब एकदम पडू शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. आणि येत्या ग्रामसभेत एक प्रश्न आवर्जून विचारा: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिनच्या गोळ्या आणि विंचूदंशाची लस आज शिल्लक आहे का? असेल तर किती, आणि तिची मुदत कधी संपते, हेही विचारा.